राजाश्रय आणि श्रद्धा

(श्रींच्या वर्धापनोत्सवानिमित्त देवस्थानच्या सभामंडपात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने मला दिलेला विषय असा: राष्ट्र अधिक धार्मिक होत आहे काय, आणि राजकारणात धर्माचे स्थान कोणते? विषयाचा पसारा पाहून प्रथम मन कचरले. तत्त्वज्ञान आणि समाजशास्त्र ही माझी क्षेत्रे नव्हेत. माझे आयुष्य कचेरीतील नोंदवह्यांत गेले. परंतु अशा आयुष्याचाही एक उपयोग असतो. कागदावर काय लिहिले आहे आणि प्रत्यक्षात काय घडते आहे, या दोहोंतील अंतर कारकुनाइतके क्वचितच कोणास ठाऊक असते. आजच्या विषयाचा गाभा मला तरी याच अंतरात दिसतो.

आपल्या देशाविषयी या प्रश्नावर बोलू लागले की पाच मिनिटांत सभेचे दोन तट पडतात आणि दहाव्या मिनिटाला विषय बाजूला राहून माणसे एकमेकांची उणीदुणी काढू लागतात. श्रींच्या सभामंडपात तसे होणे शोभणार नाही. म्हणून मी दाखला घेणार आहे तो पोर्तुगालचा. गोव्याच्या जुन्या काबिजादींवर ज्याने साडेचारशे वर्षे सत्ता चालविली, ज्याचा इतिहास लिसेवच्या बाकांवर बसलेल्यांना राजांच्या नावांसह पाठ करावा लागे, आणि ज्याने घालून दिलेल्या नियमांनुसार आजही आपल्या देवस्थानाचा कारभार चालतो, ते राष्ट्र आपल्याला सर्वस्वी परके नाही. आणि तरीही ते आपले घर नव्हे, त्यामुळे थंड डोक्याने पाहता येते.

एका शतकाच्या आत या लहानशा देशाने धर्माशी तीन प्रकारचे संबंध ठेवून पाहिले. प्रथम राजधर्म, नंतर धर्माशी उघड वैर, त्यानंतर धर्माला मिठी. इतके प्रयोग इतक्या थोड्या काळात एकाच समाजावर झाल्याचे उदाहरण दुर्मिळ आहे. प्रत्येक प्रयोगाचा हेतू एक होता आणि फळ बहुधा भलतेच निघाले.

सन १८२६ च्या राजसनदेने रोमन कॅथलिक धर्म हा राज्याचा धर्म म्हणून कायम केला. इतर धर्मांची उपासना परकीयांपुरती मान्य होती, आणि तीही घरगुती स्वरूपात, बाहेरून देवालय वाटणार नाही अशा वास्तूत. आपल्या पूर्वजांसारखा, परकीय नसलेला पण ख्रिस्तीही नसलेला प्रजाजन त्या कलमाच्या शब्दांत कोठेच बसत नव्हता. अशा राज्यात निदान धर्मसंस्थेचा तरी उत्कर्ष व्हावा, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात काय घडले? १८३४ साली त्याच राज्याने पुरुष संन्याशांचे सर्व मठ एका फर्मानाने बंद करून त्यांच्या मालमत्ता सरकारजमा केल्या. पुढच्याच वर्षी ते फर्मान गोव्यात अमलात आले. जुन्या गोव्यात संत ऑगस्टिनच्या मठाचा जो एकाकी मनोरा आज पर्यटक पाहतात, तो कोणा शत्रूने पाडलेला नाही. मठ ओस पडला, १८४२ साली चर्चचे छत कोसळले, १९३१ साली दर्शनी भाग ढासळला. ज्या राज्याचा धर्म तोच होता, त्याच राज्याच्या आदेशाने ती वास्तू निराधार झाली होती. राजधर्म म्हणजे धर्माचे राज्य नव्हे. पुष्कळदा तो राजाच्या मालकीचा धर्म असतो आणि मालक आपल्या वस्तूचे काहीही करू शकतो.

५ ऑक्टोबर १९१० रोजी लिस्बनमध्ये प्रजासत्ताक आले. नव्या राज्यकर्त्यांचा ठाम समज होता की देशाच्या मागासलेपणाचे मूळ पाद्र्यांच्या वर्चस्वात आहे. जेझुइटांची हकालपट्टी, घटस्फोटाचा कायदा, जन्म-विवाह-मृत्यूची नोंद धर्मोपदेशकांकडून काढून सरकारी कचेरीत आणणे, हे सारे अवघ्या काही महिन्यांत झाले. २० एप्रिल १९११ रोजी आफोंसो कोस्ता यांनी धर्म आणि राज्य यांच्या फारकतीचा कायदा आणला. फारकत हे नाव खरे म्हणजे सौम्य आहे. चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या नावे चढली, उपासनेवर देखरेख ठेवण्यासाठी सरकारी व्यवस्था आली, पाद्र्यांनी आपला झगा घालून रस्त्यावर फिरू नये असा नियम झाला, बिशपांना त्यांच्या प्रांतांतून बाहेर घालविण्यात आले. १९१३ मध्ये व्हॅटिकनशी संबंधही तुटले.

याच प्रजासत्ताकाने गोव्यातील हिंदूंना मात्र मोकळा श्वास दिला, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. राज्याला स्वतःचा धर्म उरला नाही, म्हणून हिंदू प्रजाजन कायद्यापुढे प्रथमच बरोबरीचा ठरला. सरकारी नोकरीची दारे किलकिली झाली, मराठी वाचनालये, शाळा, नियतकालिके यांना उभारी आली. एकच राजवट मिन्यो प्रांतातील भाविक म्हातारीला देवद्रोही वाटत होती आणि अंत्रूजातील भाविक म्हातारीच्या नातवाला ती आशेची जागा वाटत होती. राज्य धर्माच्या बाजूने आहे की विरुद्ध, असे आपण सरसकट विचारतो तेव्हा कोणाच्या धर्माच्या, हे विचारावयाचे राहून जाते.

पोर्तुगालात या वैराचे फळ काय निघाले ते पाहा. प्रजासत्ताकाला सात वर्षेही पुरी झाली नव्हती, तोच १३ मे १९१७ रोजी फातिमा गावाजवळच्या माळावर मेंढरे राखणाऱ्या तीन मुलांनी सांगितले की आम्हांला एका तेजस्वी स्त्रीचे दर्शन झाले. ऑगस्ट महिन्यात तालुक्याच्या प्रशासकाने त्या मुलांना धरून नेले, दटावले, आणि ठरलेल्या दिवशी माळावर जाऊ दिले नाही. परिणाम उलटा झाला. १३ ऑक्टोबरला त्या चिखलाच्या माळावर हजारोंनी लोक लोटले. दोन वर्षांनी तेथे एक छोटे प्रार्थनास्थळ उभे राहिले. १९२२ च्या मार्चमध्ये कोणी ते सुरुंगाने उडवून दिले, तरी यात्रा थांबली नाही. दर्शनाच्या सत्यासत्यतेविषयी मी काही बोलणार नाही, तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. मला दिसते ते एवढेच की त्या माळावर जमलेल्यांना कोणत्याही सत्तेने बोलाविले नव्हते. येऊ नका असे सांगितले होते, आणि ते आले.

आता तिसऱ्या प्रयोगाकडे येतो. तो अधिक शिकविणारा आहे.

आंतोनिओ द ऑलिव्हैरा सालाझार हे व्हिझेवच्या सेमिनरीत शिकलेले, कॅथलिक राजकीय केंद्राचे कार्यकर्ते. १९२८ मध्ये ते अर्थमंत्री झाले, १९३२ मध्ये पंतप्रधान. कोइंब्रात ज्यांच्याबरोबर ते एका घरात राहिले होते, ते मित्र सेरेजैरा १९२९ पासून १९७१ पर्यंत लिस्बनचे मुख्य धर्मगुरू होते. राज्य आणि देवालय यांचा याहून निकटचा संबंध कल्पिणे कठीण. १९३६ च्या कायद्याने प्रत्येक प्राथमिक शाळेत फळ्याच्या वर क्रूस लागला. देव, देश, कुटुंब ही त्रयी चित्रांतून आणि पाठ्यपुस्तकांतून मुलांच्या डोळ्यांसमोर राहिली. ७ मे १९४० रोजी व्हॅटिकनशी करार झाला. त्याबरोबरच वसाहतींतील मिशनांसाठी वेगळा करार झाला. चर्चमध्ये लग्न केलेल्यांना घटस्फोट मिळेनासा झाला. तरीसुद्धा हा गृहस्थ हिशेबी होता. १९३३ च्या राज्यघटनेत त्याने फारकत मोडली नाही, आणि सरकारी उपयोगात गेलेल्या चर्चच्या इमारती परत दिल्या नाहीत. धर्माचा मान वाढविला, पण किल्ल्या स्वतःजवळ ठेवल्या.

येथे आपल्या घरची एक तारीख सांगतो. ती राज्यघटना ११ एप्रिल १९३३ रोजी अमलात आली. त्याच्या अवघे बारा दिवस आधी, ३० मार्च १९३३ रोजी, गोव्यात ६४५ क्रमांकाचा वैधानिक हुकूम निघाला. तोच आपला महाजनकीचा रेगुलामेंत. त्यापूर्वीचा १८८६ चा होता. महाजन कोण, त्यांची नोंदवही कशी ठेवावी, समितीत अध्यक्ष, खजिनदार, मुखत्यार कसे निवडावेत, अंदाजपत्रक कोणी मंजूर करावे, मामलेदाराचा अधिकार कोठवर, हे सारे त्यात आहे. कॅथलिक सत्तेने हिंदू देवालयांसाठी लिहिलेला हा कायदा मुक्तीनंतरही रद्द झाला नाही. त्याच्याविषयी तक्रारी पुष्कळ आहेत आणि त्यांतील काही रास्त आहेत. पण एक गोष्ट त्याने मान्य केली, ती लहान नाही: देवालय हे महाजनांचे, सरकारचे नव्हे. मामलेदार हिशेब तपासील, पण पालखी उचलणार नाही. १९३० च्या वसाहतविषयक कायद्याने आपल्याला दुय्यम प्रजा ठरविले होते, आणि त्याविरुद्ध मेनेझिस ब्रागांझांनी त्याच वर्षी विधिमंडळात आवाज उठविला होता. अशा काळात निघालेल्या एका रुक्ष नियमावलीत ही कबुली राहून गेली, हे नशीबच म्हणावयाचे.

तर चाळीस वर्षांच्या या मिठीत पोर्तुगाल अधिक धार्मिक झाला काय? फातिमाची यात्रा वाढली, भव्य मंदिर उभे राहिले, राष्ट्रीय समारंभांत बिशप पहिल्या रांगेत बसू लागले. नोंदवही भरली. पण १३ जुलै १९५८ रोजी पोर्तोचे बिशप आंतोनिओ फेरैरा गोमिश यांनी सालाझार यांना एक टिपण पाठविले. त्यांत शेतमजुरांच्या दैन्याविषयी आणि कॅथलिक नागरिकाला स्वतंत्र राजकीय मत असण्याच्या हक्काविषयी स्पष्ट शब्द होते. देव, देश, कुटुंब म्हणणाऱ्या राजवटीने त्या बिशपाला १९५९ पासून दहा वर्षे देशाबाहेर ठेवले. प्रजासत्ताकाने बिशपांना घालविले ते शत्रू म्हणून. या राजवटीने घालविला तो आपला म्हणविणारा.

याहूनही बोलकी गोष्ट मुंबईची आहे. डिसेंबर १९६४ मध्ये पोप पॉल सहावे आंतरराष्ट्रीय युखारिस्त परिषदेसाठी मुंबईस आले. गोवा मुक्त होऊन तीन वर्षे झाली होती. पोपने भारतात जावे हा पोर्तुगालचा विनाकारण केलेला अपमान होय, असे तेथील परराष्ट्रमंत्र्यांनी जाहीरपणे म्हटले, आणि त्या प्रवासाच्या बातम्या सेन्सॉरने दाबल्या. विचार करा, शाळाशाळांतून क्रूस लावणारे सरकार, आणि त्याच्या वर्तमानपत्रांत खुद्द पोपची बातमी यावयाची नाही! गोव्याच्या नकाशाशी जुळला तोवरच धर्म प्रिय होता. पुढे १९६७ साली हेच पोप फातिमास आले, आणि सालाझार त्यांच्या स्वागतास हजर राहिले. १९७० साली पोपनी आफ्रिकेतील वसाहतींच्या मुक्तिलढ्यांचे नेते व्हॅटिकनमध्ये भेटीस घेतले, तेव्हा लिस्बनने पुन्हा निषेध नोंदविला. १९७२ च्या शेवटच्या दिवशी लिस्बनमधील रातो येथील प्रार्थनागृहात वसाहतींतील युद्धाविरुद्ध उपवास करीत बसलेल्या कॅथलिक भाविकांना पोलिसांनी उचलून नेले. ज्यांची श्रद्धा खरी होती त्यांतील अनेकांना राज्याच्या धर्माबाहेर पडून ती राखावी लागली.

२५ एप्रिल १९७४ रोजी ही राजवट एका दिवसात गेली. पुढचे थोडक्यात सांगतो. १९७५ मध्ये कराराला दुरुस्ती होऊन चर्चमध्ये विवाह केलेल्यांनाही घटस्फोटाचा मार्ग खुला झाला. १९७६ च्या राज्यघटनेने फारकत पुन्हा स्पष्ट केली, २००४ मध्ये व्हॅटिकनशी नवा करार झाला. चर्चने स्वतः ठराविक रविवारी उपासनेला येणाऱ्यांची मोजणी केली, तेव्हा सुमारे एक कोटीच्या देशात १९९१ साली ती संख्या बावीस लाखांच्या आसपास आणि २००१ साली एकोणीस लाखांच्या आसपास भरली. गर्भपाताच्या प्रश्नावर १९९८ मध्ये सार्वमत झाले. ३२ टक्के मतदारच मतदानास गेले आणि निसटत्या बहुमताने चर्चला मानवणारे उत्तर मिळाले. २००७ मध्ये तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा मत देणाऱ्यांपैकी ५९ टक्के लोकांनी उलट कौल दिला. आणि तरीही २०२१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरील सुमारे ८० टक्के लोकांनी धर्म कॅथलिक असाच लिहविला. कोणताही धर्म नाही असे सांगणारे सुमारे १४ टक्के.

आता सांगा, हे राष्ट्र धार्मिक की अधार्मिक? जनगणनेची वही एक सांगते, रविवारची मोजणी दुसरे, मतपेटी तिसरे. ऑगस्ट २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस लिस्बनला आले, तेव्हा तेजो नदीकाठच्या शेवटच्या प्रार्थनेस अंदाजे पंधरा लाखांचा समुदाय जमला. त्याच वर्षी जानेवारीत त्या सोहळ्याच्या व्यासपीठासाठी सरकारी तिजोरीतून होणाऱ्या खर्चावर इतका गदारोळ झाला की तो खर्च कमी करावा लागला. आणि फेब्रुवारीत एका स्वतंत्र समितीने १९५० पासून चर्चच्या छायेत अत्याचार झालेल्या बालकांची संख्या किमान ४८१५ असावी, असा अहवाल दिला. गर्दी, पैसा आणि लाज, तिन्ही एकाच वर्षाच्या पानावर.

माझ्या मते उत्तर राजधानीत नाहीच. ते नकाशात आहे. पोर्तुगालचा उत्तर भाग, मिन्यो प्रांत आणि ब्रागा शहराचा परिसर, राजेशाहीत भाविक होता, प्रजासत्ताकात भाविक राहिला, सालाझारच्या काळी होता आणि नंतरही तुलनेने तसाच आहे. दक्षिणेचा आलेंतेजो प्रांत राजेशाहीत उपासनेस फारसा जात नव्हता, शाळेत क्रूस लागल्यावरही गेला नाही, आणि १९७५ मध्ये तेथील मजुरांनी मोठ्या जमीनदाऱ्या ताब्यात घेतल्या तेव्हाही देवळात धावला नाही. चार राजवटी आल्या, गेल्या. ही रेषा जवळजवळ हलली नाही. कारण शोधू लागले तर दिसते ते असे. उत्तरेस लहान लहान शेते, प्रत्येकाची थोडीतरी स्वतःची जमीन, जवळ जवळ वस्त्या, प्रत्येक वस्तीला आपले देऊळ, आणि त्याच वस्तीतल्या घरांतून पाद्री झालेली मुले. उत्सवाचा खर्च कोणी करावयाचा, मिरवणुकीत खांदा कोणी द्यावयाचा, दिव्याला तेल कोणी घालावयाचे, हे गावकरी बंधुसंघांत ठरते. दक्षिणेस शेकडो एकरांचे जमीनदार, भूमिहीन मजूर, दूरदूर पसरलेली गावे आणि मोजके पाद्री. तेथे चर्च मजुराला मालकाच्या घरातले वाटे. ज्याने देवळाचा भार कधी उचललाच नाही, त्याला ते आपले कसे वाटणार?

हे वाचताना मला अंत्रूजच आठवत राहिले. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेस आणि साष्टीतील देवळे पाडली गेली, तेव्हा कुशस्थळीहून मंगेश, केळशीहून शांतादुर्गा, वेर्ण्याहून म्हाळसा रातोरात नदीपार आल्या. कोणत्याही राज्याने त्या आणविल्या नव्हत्या. ज्यांच्या त्या देवता, त्या घरांनी आणल्या. पुढे राजाश्रय मिळाला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. शिवाजी महाराजांनी १६६८ साली नार्वेच्या सप्तकोटेश्वराचे देवालय पुन्हा उभारविले. शाहू महाराजांच्या काळात नारो राम मंत्र्यांच्या प्रयत्नाने कवळ्याचे देवालय विस्तारले. म्हणून राजाने देवाला काही देऊच नये असे म्हणणारा मी नव्हे. पण त्या देणाऱ्यांनी गाव दिले, सनद दिली आणि ते बाजूला झाले. पूजेचा क्रम, पाळ्या, मानपान यांची जबाबदारी महाजनांवरच राहिली. देऊन दूर होणारा राजाश्रय आणि देऊन खुर्चीवर बसणारा राजाश्रय, या दोहोंची जात निराळी आहे.

राजकारणाविषयी आपल्या भूमीतील एकच उदाहरण देतो. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूस १,३८,१७० मते पडली आणि संघप्रदेश राहण्याच्या बाजूस १,७२,१९१. हिंदूंची मते एकीकडे आणि ख्रिस्त्यांची दुसरीकडे पडणार, असे तेव्हा सर्रास धरले गेले होते. या मंडपातील पुष्कळ घरांना त्या निकालाचे दुःख झाले हे मला ठाऊक आहे. परंतु अवघ्या दोन महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत विलीनीकरणाचा पुरस्कार करणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच पुन्हा सत्तेवर आला. मतदाराने धर्म बदलला नव्हता, भाषाही नाही. प्रश्न निराळा होता म्हणून उत्तर निराळे दिले. देवळात येणारा मनुष्य मतदान केंद्रात जातो तेव्हा पादत्राणांबरोबर बुद्धी बाहेर ठेवून जात नाही, हे पुढाऱ्यांनी ओळखले नाही तरी आपण ओळखावे.

आता आजच्या काळाकडे वळतो. आपल्याकडे उत्सवांची गर्दी वाढली आहे, हे उघड्या डोळ्यांनी दिसते. जत्रेच्या रात्री वाहने लावण्यास जागा मिळत नाही. स्वागताचे फलक देवळाच्या दीपस्तंभाहून उंच लागतात, आणि त्यांवर श्रींचे चित्र लहान व नेत्यांची चित्रे मोठी असतात. २०२२ च्या अंदाजपत्रकात गोवा सरकारने उद्ध्वस्त देवळांच्या पुनर्बांधणीसाठी वीस कोटी रुपयांची तरतूद केली. त्यामागील भावनेचा मला आदर आहे, कारण ते घाव खरे होते. पण यावरून कोणी समाज अधिक धार्मिक झाला असा निष्कर्ष काढील, तर मी त्याला दुसऱ्या काही नोंदी दाखवीन. सप्ताहाच्या अखंड भजनात रात्री दोन ते चारचा पहारा कोणत्या घराने केला? पूर्वी यासाठी घराघरांत चुरस असे. आता त्या दोन तासांसाठी पैसे देऊन बाहेरचे भजनी पथक आणावे लागते. पालखीच्या खांद्यासाठी नावे पुकारावी लागतात. पाळी आलेले कुटुंब मुंबईहून किंवा परदेशाहून रक्कम धाडते, आणि ती वेळेवर येते याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. परंतु रकमेबरोबर माणूस येत नाही. सर्वसाधारण सभेस गणसंख्या पुरी होण्याची वाट पाहण्यात अर्धा तास जातो. उलट निवडणुकीच्या वर्षी कोठे कोणास व्यासपीठावर बसवावे यावर मात्र चर्चेला अंत नसतो.

एक गोष्ट थोडी कटू आहे, पण सांगितली पाहिजे. आपल्या नोंदवहीत पित्याच्या वंशानेच नाव चढते. घरच्या लेकी, ज्या उत्सवात पहाटेपासून राबतात, त्या सभेत बसत नाहीत. कुळावी, जे नवस फेडण्यास दुरून येतात, त्यांना कारभारात शब्द नाही. याचा नियमांत कोठवर बदल करता येईल ते जाणकार वकिलांनी सांगावे. पण भार उचलणाऱ्यांची संख्या आपणच मोजकी ठेवावयाची आणि खांदे कमी पडले की सरकारकडे पाहावयाचे, हे जुळत नाही. आलेंतेजोच्या चर्चला कोणी शत्रूने ओस पाडले नाही. तेथे उंबरठ्याच्या आतले थोडे होते आणि बाहेरचे फार, आणि आतल्यांना ते बराच काळ जाणवलेच नाही.

राष्ट्र अधिक धार्मिक होत आहे काय, या मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे की हे राज्याच्या कृतीवरून कळत नाही, आणि गर्दीवरून तर मुळीच कळत नाही. पोर्तुगालात राज्याने धर्माला छळले तेव्हा एका माळावर यात्रा जन्मली. राज्याने धर्माला कवटाळले तेव्हा त्याच यात्रेला भव्य मंदिर मिळाले आणि खेडोपाडीच्या देवळांतले बाक हळूहळू रिकामे होत गेले. या दोन घटना एकमेकींची कारणे आहेत असे छातीठोक म्हणण्याइतका मी धीट नाही. शहरे वाढली, लोक फ्रान्सला कामाला गेले, शिक्षण पसरले, दूरचित्रवाणी आली, यांचाही त्यात वाटा आहे. परंतु राजवटीच्या चाळीस वर्षांच्या प्रेमाने ते बाक भरले नाहीत, एवढे निश्चित.

समितीने सभामंडपाच्या विस्तारासाठी सरकारी साहाय्य मागावे, अशी सूचना काही महाजनांनी लेखी दिली असल्याचे अध्यक्षांनी मला सांगितले. तिला माझा सरसकट विरोध नाही. मात्र साहाय्याच्या अटी, उद्घाटनाची कोनशिला, तीवरील नावे आणि पुढील देखभालीचा खर्च कोणाकडे, ही चार कलमे ठरावात आधी लिहून घ्यावीत, आणि विस्ताराच्या एकूण खर्चाचा निदान अर्धा भाग महाजन व कुळावी यांच्या वर्गणीतून, मग ती कितीही लहान लहान असो, उभा करावा, असे मी सुचवितो. अंदाजपत्रक मंजुरीसाठी सर्वसाधारण सभेपुढे येईल तेव्हा हा विषय निघेल. त्या दिवशी गणसंख्येसाठी चिटणिसांना फोन फिरवावे लागू नयेत, इतकीच माझी विनंती आहे. माझे नाव पहिल्या हजेरीत लिहून ठेवण्यास मी त्यांना आजच सांगितले आहे.